वीज आणि विमान

ज्येष्ठाचा शेवट असावा. रात्रीच्या वेळीं मुंबईकडे येणारें एखादें प्रवासी विमान ढगांच्या कडेकडेनें खालीं उतरत असतें. एकाएकीं खिडकीबाहेर पांढराशुभ्र लखलखाट होतो, तोफेसारखा एकच दणका बसतो, दिवे क्षणभर मिचकावतात. कोणी देवाचें नांव घेतो, कोणी शेजाऱ्याचा हात घट्ट धरतो. पांच मिनिटांनंतर मात्र विमान पूर्वीप्रमाणेंच चाललेलें असतें, आणि अर्ध्या तासानें उतारू आपापलें सामान घेऊन घरोघर जातात. घरीं गेल्यावर ते सांगतात, “वीज अगदीं जवळून गेली.” वस्तुतः ती जवळून गेलेली नसते. ती विमानावरच पडलेली असते, आणि त्याच्या एका टोकाशीं शिरून दुसऱ्या टोकानें बाहेर पडलेली असते.

ही गोष्ट विरळा नव्हे. नित्य उडणाऱ्या प्रवासी विमानावर सरासरीनें वर्षांतून एकदां वीज पडते, असा अनुभव आहे. ज्या विजेनें माडाचा शेंडा जळून जातो, घराच्या भिंतीस तडा जातो आणि शेतांत काम करणारा माणूस जागच्या जागीं गतप्राण होतो, तीच वीज शेंकडों माणसें व हजारों लिटर इंधन वाहणाऱ्या यंत्रावर पडते, आणि आंत बसलेल्यांच्या पेल्यांतील पाणीहि सांडत नाहीं. हें कसें घडतें, असा प्रश्न सहज मनांत येतो. त्याचें उत्तर ‘दैव’ असें नाहीं. ही निर्भयता मनुष्यानें मिळविलेली आहे, आणि तिचें मोलहि त्यानें दिलेलें आहे.

तें मोल केवढें होतें, हें समजण्यासाठीं एका रात्रीची हकीगत सांगितली पाहिजे. सन १९६३ च्या डिसेंबर महिन्याची ८ तारीख. पॅन अमेरिकन कंपनीचें २१४ क्रमांकाचें बोइंग ७०७ विमान पोर्तो रिको बेटांतील सान हुआन येथून निघून अमेरिकेंत बाल्टिमोर येथें आलें. कांहीं उतारू तेथें उतरले. उरलेले ७३ उतारू आणि ८ कर्मचारी यांना घेऊन तें फिलाडेल्फियाकडे निघालें. अंतर थोडेंच होतें. परंतु त्या बाजूस वादळ होतें, म्हणून विमान वाट पाहत आकाशांतच घिरट्या घालूं लागलें. तशींच आणखीहि विमानें वरखालीं थांबलेलीं होतीं. रात्रीं नवाच्या सुमारास त्यावर वीज पडली. डाव्या पंखाच्या टोकाकडील राखीव टाकींत इंधनाची वाफ व हवा यांचें जें मिश्रण सांचलें होतें त्याचा स्फोट झाला, पंखाचा बाहेरचा भाग तुटून पडला, आणि जळतें विमान मेरिलंड राज्यांतील एल्कटन या गांवाजवळच्या शेतांत कोसळलें. ८१ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं.

चौकशी झाली. पंखाच्या टोकापाशीं वीज शिरल्याच्या खुणा, म्हणजे धातु वितळून पडलेले लहान लहान डाग, सांपडले. टाकींतील वाफ विजेमुळें पेटली, असा निष्कर्ष चौकशीमंडळानें १९६५ सालीं प्रसिद्ध केला. परंतु ठिणगी नेमकी कोठें व कशी उडाली, हें त्या काळच्या ज्ञानाच्या बळावर निःसंशय सांगतां येत नाहीं, हेंहि त्यास मान्य करावें लागलें. ‘पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण मागच्याला शहाणें व्हावयाचें असेल तर ठेंच नेमकी कोणत्या दगडाची लागली हें तरी त्याला कळलें पाहिजे. एल्कटनच्या शेतांत तो दगडच दिसत नव्हता. त्याचा शोध तेव्हांपासून ज्या दोन मार्गांनीं चालू आहे, त्यांची ही कथा आहे. एक मार्ग गणिताचा आणि दुसरा प्रत्यक्ष प्रयोगाचा.

प्रथम वीज विमानावर पडते कां, हें पाहिलें पाहिजे. आपल्या खेड्यापाड्यांतून अशी एक जुनी समजूत आहे कीं, पायाळू माणसाला वीज ओढून घेते. म्हणून त्यानें पावसांत उघड्यावर उभें राहूं नये. माणसाच्या बाबतींत या समजुतीस कांहीं आधार नाहीं. विमान मात्र खरोखरीच पायाळू आहे. फार दिवस लोक असें समजत होते कीं, वीज आपल्या वाटेनें जात असते आणि विमान दैवयोगानें तिच्या वाटेंत येतें. या बाबतींत अमेरिकेच्या नासा या संस्थेनें एक धाडसी उद्योग केला. एफ-१०६ जातीचें एक लढाऊ विमान मोजमापाच्या उपकरणांनीं सज्ज करून १९८० ते १९८६ या सालांच्या दरम्यान तें मुद्दाम गडगडाटी ढगांत नेण्यांत आलें. सुमारे दीड हजार वेळां तें ढगांत शिरलें, आणि त्यावर ७१४ वेळां वीज पडली. या मोजमापांतून असें दिसून आलें कीं, बहुतेक वेळां वीज विमानाला शोधीत येत नाहीं. विमान स्वतःच तिला जन्म देतें.

याचें कारण असें. ढगांत विजेचा ताण आधींच वाढलेला असतो. पण हवा ही विजेला वाट देणारी नसल्यामुळें तो ताण कसाबसा थोपून राहिलेला असतो. अशा जागीं धातूचें लांबलचक विमान आलें, म्हणजे त्याचें नाक, पंखांचीं टोकें, शेपटाचें टोक अशा निमुळत्या जागीं तो ताण एकवटतो. तेथील हवा फुटते, आणि विमानाच्या दोन विरुद्ध टोकांपासून तप्त हवेच्या दोन शाखा विरुद्ध दिशांना वाढत जातात. एक ढगाच्या धन भागाकडे जाते, दुसरी ऋण भागाकडे किंवा जमिनीकडे. त्या पोहोंचल्या कीं पूल पुरा होतो. मग त्या पुलावरून जो प्रवाह धांवतो, त्याच्या मध्यभागीं विमान असतें.

आणखी एक चमत्कार आहे. विजेची ही वाट हवेंत जवळजवळ जागच्या जागीं राहते, आणि विमान तिच्यांतून वेगानें पुढें सरकत असतें. त्यामुळें नाकाशीं चिकटलेली वीज क्षणांत थोडी मागें, मग आणखी मागें, अशी उड्या घेत शेपटाकडे जाते. उतरल्यावर कारागिरांनीं पाहिलें तर विमानाच्या अंगावर धांवदोऱ्याच्या टांक्यांसारखी करपलेल्या ठिपक्यांची एक ओळ दिसते.

मग आंतील माणसांना धक्का कां बसत नाहीं? याचें उत्तर विमानाच्या जन्मापूर्वींच लंडन शहरांत मिळालेलें होतें. मायकेल फॅरडे यानें १८३६ सालीं बारा फुटांची एक चौकोनी खोली बांधून ती बाहेरून धातूनें मढविली, तींत आपलीं नाजुक उपकरणें घेऊन तो स्वतः बसला, आणि बाहेरून खोलीवर विजेचा मारा करविला. बाहेर ठिणग्या उडत होत्या. आंत उपकरणाचा कांटाहि हालला नाहीं. धातूच्या बंद कवचावर पडलेली वीज बाहेरच्या बाहेर वाहून जाते, हें त्यानें दाखवून दिलें. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचें विमान म्हणजे फॅरडेची ती खोलीच होय.

परंतु ही खोली अगदीं निर्दोष असत नाहीं. तिला खिडक्या असतात, दारें असतात, हजारों रिव्हेटांनीं जोडलेले सांधे असतात, इंधन भरण्याचीं झांकणें आणि टाकींतील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळ्या असतात. जेथें जेथें सांधा ढिला किंवा गंजलेला आहे, तेथें तेथें प्रवाहाला अडथळा होतो. आणि अडथळा झाला कीं ठिणगी उडते. ती बाहेर उडाली तर हरकत नसते. टाकीच्या आंत उडाली तर काय होतें, हें एल्कटननें दाखविलें.

त्या अपघातानंतर इंधनाच्या टाक्यांविषयीं अमेरिकेंत १९६७ सालीं स्वतंत्र नियम झाला कीं, विजेमुळें टाकींतील वाफ पेटणार नाहीं अशीच टाकीची रचना असली पाहिजे. पंखाचा पत्राच टाकीची भिंत असेल तेथें तो सुमारे दोन मिलिमीटर जाड ठेवण्याची रीति पडली. कारण त्याहून पातळ पत्र्याला वीज आरपार भोंक पाडूं शकते. झांकणांच्या आंतल्या बाजूस ठिणगी पडूं नये अशी योजना झाली. वाफेच्या नळीच्या तोंडाशीं ज्योत अडविणारीं साधनें आलीं.

येथें एक गैरसमज दूर करणें इष्ट आहे. विमानाच्या पंखांच्या व शेपटाच्या मागच्या कडेला बोटासारख्या बारीक काड्या बसविलेल्या दिसतात. त्या वीज टाळण्यासाठीं आहेत असें पुष्कळांना वाटतें. त्यांचें काम निराळें आहे. पाऊस, बर्फाचे कण व धूळ यांच्या घर्षणानें विमानाच्या अंगावर विद्युत् सांचते व तिच्या फुसफुशीनें रेडिओवर खरखर होऊं लागते. ती विद्युत् हळूच हवेंत सोडून देणें, एवढेंच या काड्यांचें काम. आकाशांतल्या खऱ्या विजेपुढें त्यांचें कांहीं चालत नाहीं.

नियम झाले म्हणून संकट संपलें, असेंहि नाहीं. ९ मे १९७६ रोजीं इराणच्या वायुदलाचें एक बोइंग ७४७ विमान स्पेनची राजधानी माद्रिद येथें उतरण्याच्या बेतांत असतांना त्यावर वीज पडली. डाव्या पंखांतील टाकींत वाफ पेटली, पंख तुटला, आणि विमानांतील सर्वच्या सर्व १७ माणसें मृत्यु पावलीं. टाकींच्या आंत असलेल्या झडपा, त्यांच्या मोटारी, नळ्या, तारा यांची प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा झाली पाहिजे, हा धडा यांतून मिळाला. भिंत भक्कम असून भागत नाहीं. घरांतील प्रत्येक वस्तु तपासावी लागते.

हें सर्व धातूच्या विमानाविषयीं झालें. पुढें विमानाचें अंगच बदललें. कार्बनचे बारीक तंतु राळेसारख्या चिकट द्रव्यांत बसवून केलेलें जें संमिश्र द्रव्य, तें अॅल्युमिनियमपेक्षां हलकें आणि तरीहि बळकट असतें. विमान हलकें झालें कीं इंधन कमी लागतें. म्हणून विमान बांधणारांना त्याचा मोह पडला. एअर इंडियाच्या ताफ्यांत २०१२ सालीं दाखल झालेलें बोइंग ७८७ हें विमान वजनानें निम्मे अशा द्रव्यांचें आहे. एअरबस ए-३५० या विमानांत तर हें प्रमाण शेंकडा ५३ आहे. परंतु कार्बनचें हें द्रव्य विजेला अॅल्युमिनियमच्या मानानें शेंकडों, किंबहुना हजारों पट अधिक विरोध करतें. धातूच्या पत्र्यावरून जी वीज सहज वाहून जाते, ती येथें अडते, तापते, राळ जाळते आणि थरावरचे थर उचकटून टाकते. फॅरडेची खोली पूर्वी पत्र्याबरोबर फुकट मिळत होती. आतां ती मुद्दाम बांधावी लागते. यासाठीं अशा विमानाच्या रंगाच्या खालीं, त्याच्या कातडीच्या अगदीं वरच्या थरांत, तांब्याची किंवा दुसऱ्या धातूची अतिशय पातळ जाळी बसवितात. उतारूंना ती कधीं दिसत नाहीं. परंतु वीज पडते तेव्हां त्यांच्या व तिच्यामध्यें तीच उभी असते.

नाकाची अडचण याहूनहि चमत्कारिक आहे. नाकाच्या टोपणाखालीं ढग पाहणारा रडार असतो. त्याच्या लहरी आरपार गेल्या पाहिजेत, म्हणून तें टोपण धातूचें करतां येत नाहीं. आणि वीज तर सर्वांच्या आधीं नाकावरच पडावयाची. यावर तोड अशी काढली आहे कीं, टोपणावर धातूच्या अरुंद पट्ट्या किंवा लहान लहान टिकल्यांच्या ओळी बसवाव्या. रडारच्या लहरी त्यांच्या मधून निघून जातात, आणि वीज त्यांच्यावरून मागच्या धातूपर्यंत पोहोंचते.

आतांपर्यंत सांगितलेली हानि डोळ्यांना दिसणारी होती. दुसरी एक हानि अदृश्य आहे, आणि आजच्या काळीं तीच अधिक चिंतेची झाली आहे. विमानाच्या अंगावरून प्रचंड प्रवाह वाहतो तेव्हां आंतील तारांतून त्याचा प्रतिध्वनि उमटतो. जुन्या विमानांत वैमानिकाचा हात लोखंडी दोरांनीं व कप्प्यांनीं पंखांच्या झडपांशीं जोडलेला असे. दोराला या प्रतिध्वनीची पर्वा नसते. परंतु एअरबस ए-३२० हें विमान १९८८ सालीं प्रवाशांच्या सेवेंत आल्यापासून वैमानिकाची इच्छा विद्युत्संदेशांच्या रूपानें तारेंतून संगणकाकडे व संगणकाकडून झडपेकडे नेण्याची पद्धति प्रवासी विमानांत रूढ होत गेली. हा संदेश अगदीं थोड्या व्होल्टांचा असतो; आणि शेजारून वीज गेली तर तारेंत शेंकडों व्होल्ट उत्पन्न होऊं शकतात.

असा गोंधळ किती घातक ठरूं शकतो, हें विमानांच्या आधीं अग्निबाणांनीं दाखवून दिलें. १४ नोव्हेंबर १९६९ रोजीं चंद्राकडे निघालेल्या अपोलो १२ वर पहिल्याच मिनिटांत दोन वेळां वीज पडली. यानांतील विद्युद्घट तुटले आणि जमिनीवर येणारे आंकडे निरर्थक झाले. जॉन आरन या तरुण इंजिनियरानें पूर्वी एका परीक्षेच्या वेळीं असेच विचित्र आंकडे पाहिले होते व त्यांचें कारण शोधून ठेविलें होतें. त्यानें एक कळ फिरविण्यास सांगितलें, आंकडे पुन्हां सुसंगत झाले, आणि तिघे चांद्रवीर आपल्या मार्गानें गेले. २६ मार्च १९८७ रोजीं सुटलेला अॅटलस-सेंटॉर हा अग्निबाण मात्र इतका भाग्यवान् नव्हता. विजेच्या धक्क्यानें त्याच्या संगणकाच्या स्मृतींतील एक नोंद बदलली. यंत्राला चुकीची आज्ञा मिळाली. अग्निबाण एकाएकीं वळला व मोडून गेला. पत्र्याला केवढेंसें भोंकहि पडावें लागलें नाहीं.

येथें संरक्षणाचा नेहमींचा उपायहि लंगडा पडतो, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. एक यंत्र बिघडेल म्हणून विमानांत तशींच दोनतीन यंत्रें ठेवितात. एकाच दिवशीं तिन्ही बिघडण्याचा संभव फारच थोडा, हा त्यामागील हिशेब. पण वीज एक एक यंत्र निवडून बिघडवीत नाहीं. ती एकाच क्षणीं सर्वांच्या तारांना स्पर्श करते. म्हणून तारांवर धातूचें विणलेलें वेष्टण घालणें, तें दोन्ही टोकांना विमानाच्या अंगाशीं घट्ट जोडणें, यंत्राच्या तोंडाशीं जादा दाब बाहेर वळविणारें साधन ठेवणें, आणि तरीहि यंत्र क्षणभर गोंधळलें तर तें आपोआप शुद्धीवर येईल अशी योजना करणें, इतकीं सर्व कामें करावीं लागतात.

आणि अशी पीडा देणारी वीज आकाशांतलीच असते असेंहि नाहीं. मनुष्यानें उभारलेले प्रचंड रेडिओ-मनोरे व रडार हेहि एक प्रकारें अखंड चमकणाऱ्या विजाच होत. एप्रिल १९९० मध्यें अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना राज्यांत एक हवाई जहाज, म्हणजे वायूनें भरलेलें यांत्रिक विमान, एका शक्तिमान् रेडिओकेंद्राच्या लहरींच्या झोतांतून गेलें, आणि त्याचीं दोन्ही इंजिनें एकदम बंद पडलीं. म्हणून बाहेरच्या लहरींची परीक्षाहि विजेच्या परीक्षेइतकीच आवश्यक मानली जाते.

आतां ही परीक्षा घेतात कशी, तें पाहूं. प्रयोगशाळेंतील वीज उत्पन्न करण्याची युक्ति अर्विन मार्क्स या जर्मन इंजिनियरानें १९२४ सालीं प्रसिद्ध केली. अनेक विद्युत्संग्राहक शेजारी शेजारी ठेवून सावकाश भरावयाचे, आणि मग एका क्षणांत ते एकापुढें एक असे जोडून रिते करावयाचे. दहा हौद एकाच पातळीवर भरून ते एकदम एकावर एक रचावे आणि पाणी वरून सोडावें, तसा हा प्रकार आहे. हा दाब वीज कोठें चिकटेल हें पाहण्यास उपयोगी पडतो. तिचा आघात किती, हें पाहण्यासाठीं मोठ्या प्रवाहाचीं निराळीं यंत्रें असतात. प्रमाण म्हणून मानलेल्या विजेचे चार भाग केलेले आहेत. पहिला तडाखा दोन लक्ष अँपिअरचा. त्याच्या मागोमाग मध्यम प्रवाह. मग कांहींशें अँपिअरचा, पण अर्ध्या सेकंदापर्यंत वा अधिक वेळ टिकणारा मंद प्रवाह. आणि शेवटीं एक लक्ष अँपिअरचा पुन्हां तडाखा. घरांतील एखादी इस्त्री चारपांच अँपिअरवर चालते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्यांची कल्पना येईल. यांत मौज अशी कीं, मोठा तडाखा पत्रा वांकवितो व फाडतो. परंतु भोंक पाडतो तो मागून येणारा मंद व दीर्घ प्रवाहच.

विमानाच्या प्रत्येक भागाला हे चारहि भाग सोसावे लागत नाहींत. नाक, पंखांचीं टोकें, शेपूट व इंजिनांचीं तोंडें येथें वीज प्रथम चिकटते. त्यांच्या मागच्या पट्ट्यांवरून ती उड्या घेत जाते. उरलेल्या भागांतून ती केवळ वाहते. म्हणून विमानाचे विभाग पाडून ज्याची त्याची कसोटी ठरविलेली आहे.

अशा परीक्षांसाठीं मनुष्यानें किती खटाटोप केला, याचें एक स्मारक अमेरिकेंतील अल्बुकर्क शहराजवळ अजून उभें आहे. अणुस्फोटापासून निघणाऱ्या विद्युत्-तरंगाची परीक्षा मोठमोठ्या बाँबफेकी विमानांवर घ्यावयाची होती. जमिनीवर किंवा लोखंडी मंचावर ती घेतली असती तर जमीन व लोखंड यांनींच मोजमाप बिघडविलें असतें. म्हणून दहाबारा मजली इमारतीएवढा उंच मंच केवळ लाकडाचा बांधण्यांत आला, आणि तो जोडण्यासाठीं बोल्टहि लाकडाचे वापरले. १९८० सालीं तो पुरा झाला. अखंड विमानें त्यावर ओढून नेऊन उभीं करीत. प्रश्न निसर्गाला विचारावयाचा तर तो निर्मळपणें विचारावा लागतो, एवढ्यासाठीं हें लाकडी अरण्य उभारलें होतें.

परंतु परीक्षेलाहि मर्यादा असतात. दोन लक्ष अँपिअरचा तडाखा अखंड नव्या विमानाला ठिकठिकाणीं देऊन पाहणें परवडत नाहीं. आणि विमान बांधून झाल्यावर दोष सांपडला तर तो काढण्यास उशीर झालेला असतो. म्हणून गणिताची कांस धरावी लागली. विद्युत् व चुंबकत्व यांचे नियम जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें १८६५ सालीं समीकरणांच्या रूपानें मांडले. विमानासारख्या वेड्यावांकड्या आकाराला तीं समीकरणें लावून उत्तर काढणें कागदावर अशक्य होतें. केन यी या गणितज्ञानें १९६६ सालीं एक सोपी वाट दाखविली. सर्व अवकाशाचे लहान लहान घनाकृति ठोकळे पाडावयाचे, काळाचेहि अतिसूक्ष्म तुकडे करावयाचे, आणि प्रत्येक क्षणीं प्रत्येक ठोकळ्यांतील स्थिति त्याच्या शेजाऱ्यांच्या मागील क्षणाच्या स्थितीवरून काढावयाची. प्रत्येक पायरीचें गणित अगदीं साधें असतें; अवघड असते ती त्याची संख्या.

ही संख्या किती, तें पाहावें. साठ मीटर लांब, साठ मीटर रुंद व वीस मीटर उंच एवढ्या जागेचे पांच पांच सेंटिमीटरचे ठोकळे पाडले तर ते ५७ कोटि ६० लक्ष भरतात. प्रकाश एक ठोकळा ओलांडतो त्याहून कमी काळाची एक पायरी, अशा लक्षावधि पायऱ्या चढाव्या लागतात. माणसांच्या कित्येक पिढ्यांना हा हिशेब पुरा करतां आला नसता. आजचा संगणक तो करतो. विमान अजून कागदावरच असतांना वीज नाकाशीं शिरली तर कोणत्या तारेंत किती व्होल्ट येतील, जाळी थोडी पातळ केली तर काय होईल, तार खिडकीपासून दूर नेली तर किती फायदा होईल, हें सर्व यामुळें आधींच पाहतां येतें.

मग प्रत्यक्ष परीक्षेची आवश्यकता काय, असें कोणी विचारील. पांच सेंटिमीटरच्या ठोकळ्याला रिव्हेट दिसत नाहीं. दोन पत्र्यांमधील केसाएवढी फट त्याला दिसत नाहीं. सांध्यांत रंग शिरला आहे काय, गंज चढला आहे काय, बोल्ट पुरेसा आंवळला आहे काय, हें मॅक्सवेलच्या समीकरणांना ठाऊक नसतें. तें त्यांना कोणी तरी मोजून सांगावें लागतें. आणि ठिणगी तर नेमकी अशाच जागीं उडत असते. सांध्याच्या या विरोधाचा आंकडा चुकला तर ५७ कोटि ठोकळ्यांचें अचूक गणितहि चुकीचेंच उत्तर देणार.

शाळेंत उदाहरण सुटल्यावर मुलांना ताळा पाहावयास लावतात. भागाकार बरोबर आला कीं नाहीं, हें पुन्हां भागाकार करून पाहत नाहींत. गुणाकार करून पाहतात, म्हणजे उलट वाटेनें येऊन पाहतात. गणित व प्रयोग यांचा येथें तसाच संबंध आहे. प्रथम लहान तुकड्यांवर प्रयोग करून सांध्याचा व जाळीचा स्वभाव मोजतात; तो गणितांत घालतात; गणित सर्व विमानाचें भविष्य सांगतें; मग खऱ्या विमानांतून बेतशीर, सौम्य प्रवाह सोडून तें भविष्य खरें ठरतें काय हें पाहतात, आणि ताळा जुळला तरच तें प्रमाण मोठ्या विजेपर्यंत वाढवितात. जुळला नाहीं, तर चूक गणितांत आहे कीं विमानांत आहे, हें शोधल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. एल्कटनच्या चौकशीमंडळाजवळ मोडलेलें विमान होतें, विजेचे डाग होते, कांहीं प्रयोगहि होते; पण त्यांना जोडणारें असें गणित नव्हतें, आणि म्हणून उत्तर अर्धेंच राहिलें.

अर्थात् हा ताळा एकदां जुळला म्हणजे जन्मभर पुरला, असेंहि नाहीं. विमान वीस-पंचवीस वर्षें उडतें. सांधे झिजतात, समुद्राच्या हवेनें गंजतात, दुरुस्तीच्या वेळीं कोणी जोडपट्टी काढतो आणि परत बसवितांना तिच्याखालचा रंग खरवडावयास विसरतो. कित्येक जोडांचा विरोध ओहमच्या अडीच सहस्रांशांहून अधिक असतां कामा नये असा दंडक असतो. रंगाचा एक पापुद्रा तो मोडण्यास पुरेसा आहे. म्हणून वीज पडून आलेलें विमान तपासल्यावांचून पुन्हां उडवीत नाहींत. रात्रीं विमानतळाच्या छपराखालीं शिडी लावून एखादा कारागीर हातांत दिवा घेऊन पत्र्यावरची ती ठिपक्यांची ओळ नाकापासून शेपटापर्यंत बोटानें चाचपीत जातो. पंडितांच्या गणिताची आणि प्रयोगशाळेंतील गडगडाटाची अखेरची भिस्त त्याच्या प्रामाणिकपणावर असते.

वीज टाळतां येत नाहीं. वैमानिक रडारनें मोठे ढग चुकवितात, पण विमान स्वभावतःच पायाळू असल्यामुळें कधीं ना कधीं गांठ पडतेच. तिला अडवितांहि येत नाहीं. तिला एकच गोष्ट देतां येते, आणि ती म्हणजे अखंड व मोकळी वाट. त्या वाटेंतील प्रत्येक सांधा कोणी तरी मोजलेला आहे, कोणी तरी त्याचें गणित केलेलें आहे, कोणी तरी त्याचा ताळा पाहिलेला आहे. म्हणून ज्येष्ठांतील त्या रात्रीं दणका बसल्यावरहि विमान सरळ चालत राहतें, आणि घरीं पोहोंचलेला उतारू आपल्या मुलांना सांगूं शकतो कीं, वीज अगदीं जवळून गेली.